आपसूक नावाचा फुगा

शिक्रापुरात हायवेपासून थोडं आत, कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या मागे माझं आवार आहे. पाटी नाही. गंजलेल्या लोखंडाचा ढीग दिसला की गिऱ्हाईक ओळखतं. लोक मला भंगारवाला म्हणतात आणि त्यावरून मी बरीच भांडणं केलेली आहेत. भंगारवाला वजनावर विकतो. मी जुन्या यंत्रांचे सुटे भाग विकतो, आणि खरं सांगायचं तर तेही नाही. एका यंत्राचा भाग दुसऱ्या कुठल्या यंत्राला चालतो, ही माहिती मी विकतो. आमच्या धंद्यात याला 'जोड' म्हणतात.

समजा तुमच्या गुऱ्हाळावरचा ऊस गाळायचा चरक जुना आहे. तो बनवणारा कारखाना कधीच बंद पडला. त्याचं एक दातेरी चाक तुटलं. नवं मिळणार नाही. पण त्याच दातांचं, त्याच मापाचं चाक ऊस कधी न पाहिलेल्या भलत्याच यंत्रात कुठेतरी फिरत असतं. ते कुठल्या यंत्रात, हे ज्याला ठाऊक, त्याच्याकडे तुम्ही येता. दौंडकडची गुऱ्हाळं, भीमाकाठची जुनी डिझेल इंजिनं, गावोगावच्या पिठाच्या गिरण्या यांच्या जिवावर माझं घर चाललं.

आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आता सगळे शेतीवर स्थिर झालेत, पण वडील अखेरपर्यंत मेंढरं राखत. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं आणि ती मेंढी कुणाच्या कळपातून आली, ही सगळ्या कळपाची सोयरीक त्यांना तोंडपाठ. कागदाला त्यांनी कधी हात लावला नाही. मलाही त्यांच्याकडून शेत मिळालं नाही, डोकं मिळालं. दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. पुढचं सगळं स्वतःच्या हिमतीवर केलं, असं मी आजवर सांगत आलो.

धंद्यातली एक गोष्ट सांगतो. एक कारखाना बंद पडला आणि तिथला माल निघाला. मला त्यातला एकच गिअरबॉक्स हवा होता. मी त्याच्याकडे पाठ करून लोखंडी कपाटांची घासाघीस सुरू केली. कपाटांची दारं वाजवली, बिजागऱ्यांना नावं ठेवली, दोनदा उठून निघालो. तिथला साहेब उत्तरेकडचा. तो घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "चाचा, ये गिअरबॉक्स भी ले जाओ साथ में, पर कपाट का भाव मत तोडो." मी तोंड वाकडं करून तो पदरात घेतला. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही. हा नियम मला माझा सापडला, असंही मी सगळ्यांना सांगत असे.

आणि एक गिऱ्हाईक. वडगाव रासाईचा एक शेतकरी, नदीच्या अगदी कडेला मळा. त्याचं जुनं डिझेल इंजिन कधी पळायचं, कधी गुदमरायचं. मी म्हणालो, "विजेची मोटार बसव की. हे मोडीत काढ."

"मोटार हाय," तो म्हणाला. "पण आईला दिसत न्हाई. इंजिनचा आवाज आला म्हंजी पाणी चालू हाय, एवढं तिला कळतं. आवाज चुकला की रातभर विचारती, काय बिघडलं रं."

मी त्याच्या मळ्यात गेलो. म्हातारी चिंचेखाली बसलेली. इंजिनाचा वेग सांभाळणारी स्प्रिंग सैल झाली होती. तशी स्प्रिंग मला तीन आठवड्यांनी कापडाच्या एका मोडक्या मागात सापडली. ती बसवली आणि इंजिन एका ठेक्यात धडधडू लागलं. म्हातारीने मान डोलवली. "आता बरं बोलतंय," म्हणाली. येताना तिने लिंबाचं लोणचं बांधून दिलं.

ही कामं मी केली. कुणी लिहून ठेवली नाहीत, आणि माझं दुखणं इथेच आहे.

या धंद्यात माझ्याबरोबर माझे दाजी होते, थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. रेल्वेत फिटर होते. दौंडला दुकान त्यांचं, गावोगाव फिरणं माझं. पुढे मुलं मोठी झाली, दोन्हीकडच्या बायकांमध्ये धुसफुस सुरू झाली आणि आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं. नात्यातले दोन पंच बसले. दुकान दाजींना, आवार मला, माल निम्मा निम्मा. मी म्हणालो, "निम्म्याच्या वर जोड माझ्या डोक्यात आहेत. त्याचं काय धरलं?"

पंच हसले. "डोक्यातलं कसं वाटायचं, भानुदास? ते तर तुझ्यापाशीच हाय की. कोण काढून नेतंय?"

मी दाजींकडे पाहिलं. त्यांनी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायला हवं होतं की याचं बरोबर आहे. ते चहाच्या कपाकडे बघत बसले. मी दुकानाच्या किल्ल्या पंचांच्या कपात टाकल्या आणि उठलो. त्यानंतर अकरा वर्षं मी दौंडला मालासाठी गेलो, लग्नांना गेलो, पण त्या घराची पायरी चढलो नाही. आक्का माझ्याकडे यायची. दाजींचा विषय निघाला की मी आवारात जायचो.

गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक आलं आणि माझ्या हातात एक बेअरिंग ठेवून म्हणालं, "मामा, याची जोड?" मी ते फिरवून पाहिलं. शेकडो वेळा हातात घेतलेली वस्तू. आणि काहीच आठवेना. जिथे उत्तर असायचं तिथे स्वच्छ रिकामी जागा होती. उद्या या म्हणून त्याला घालवलं. दुसऱ्या दिवशी आठवलं, पण ती रिकामी जागा मी पाहिली होती. मग तसं आणखी दोनदा झालं.

माझ्या सुनेच्या ते लक्षात आलं. अश्विनी लग्नाआधी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होती. आमच्या मुलाला, नीलेशला, लोखंड उचलता येतं, पण गिऱ्हाईक बघते ती. एक दिवस तिने टॅब माझ्यापुढे ठेवला. "मामा, तुम्ही नुसतं बोला. मी यात घालते."

मी म्हणालो, "वही का नाही?"

"वहीत वरून खाली वाचावं लागतं. तुमचं बोलणं वरून खाली जातं व्हय? गिअरवरनं लोणच्यावर जातं."

त्या सॉफ्टवेअरला माईंड मॅप म्हणतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर मधोमध एक फुगा असतो, त्यात एक नाव. म्हणजे 'चरक'. त्याच्या भोवती दोऱ्यांनी बांधलेले दुसरे फुगे: त्याची चाकं, तो ज्या गावात आहे ते गाव, त्याचा मालक. त्यातल्या गावावर बोट ठेवलं की गाव तरंगत मधे येतं, चरक बाजूला सरकतो, आणि गावाचे आपले फुगे भोवती उमलतात. त्यातल्या एकावर बोट ठेवा, तो मधे येतो. याला सुरुवात नाही, शेवट नाही. जिथे बोट ठेवाल तिथून रस्ता निघतो.

मी जे बोललो ते सगळं तिने घातलं, गाळलं काही नाही. तिचा एकच हट्ट होता. प्रत्येक जोडीसाठी विचारायची, "हे तुम्हाला कुणाकडनं कळलं?" तिच्या कारखान्यात तशी पद्धत होती. काही चुकलं तर विचारायला माणूस पाहिजे.

पहिल्या दिवशी पहिल्या प्रश्नाला मी म्हणालो, "आपसूक."

तिने लिहिलं, आपसूक. दुसऱ्यालाही आपसूक. नंतर ती विचारायची तेव्हा मी तोंडही उघडत नसे, नुसता हात हलवायचो. पावसाळा संपेपर्यंत आम्ही हे काम केलं.

त्या दिवसांतल्या दुपारी मला अजून आठवतात. जेवण झालं की आवारात कुणी नसायचं. हायवेवरून ट्रकांचा आवाज एकसारखा यायचा, लांबून वाहणाऱ्या पाण्यासारखा. पत्र्याखाली खाट टाकून मी टॅब छातीवर धरायचो आणि निघायचो. 'वडगाव रासाई'वर बोट ठेवलं की इंजिन यायचं, चिंच यायची, म्हातारी यायची. लोणच्यावर ठेवलं तर लोणचं ज्या ज्या घरी खाल्लं ती घरं. स्प्रिंगवर ठेवलं तर माग, मागावरून तो विकणारा विणकर, त्याच्या दारातली शेवग्याची झाडं. मी कशासाठी निघालो होतो ते विसरून जायचो. बोट आपलं आपण चालायचं. लहानपणी वडिलांच्या मागे चालताना असंच व्हायचं. खतासाठी कुणाच्या रानात मेंढरं बसवायला एका गावी जायचं म्हणून निघायचो, आणि मेंढरं चरत चरत नेतील तिकडे दिवस जायचा. माळावरून पाहिलं तर सगळी विखुरलेली दिसत, पण एकही एकटं नसे. पडद्यावर दोन बोटांची चिमूट केली की सगळं चित्र लांब जाऊन बारीक होतं, आणि माझं आख्खं आयुष्य त्या माळासारखं पसरलेलं दिसायचं. डोळा लागला तरी फुगे पापणीच्या आत तरंगत राहायचे.

एकदा असंच चित्र लांब नेलं असताना अश्विनी मागे येऊन उभी राहिली. "मामा, हा मधला मोठा फुगा दिसला का? ज्याला जास्त दोऱ्या तो आपोआप मोठा होतो."

मी पाहिलं. सगळ्या माळाच्या मधोमध, चरकापेक्षा मोठा, इंजिनापेक्षा मोठा, एक फुगा बसला होता. त्यात लिहिलं होतं: आपसूक.

"हा आपसूक कोण?" तिने साळसूदपणे विचारलं. "दौंडचा हाय का?"

मी टॅब खाटेवर टाकून आवारात गेलो.

मग गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झाला आणि एका सकाळी केडगावकडून बाळासाहेबांचा फोन आला. जुनं गिऱ्हाईक. चरकाची पिनियन तुटली होती. पिनियन म्हणजे मोठ्या चाकाला फिरवणारं लहान दातेरी चाक. ऊस तोडून अंगणात पडलेला, काहिलीत रस अर्धाच. "भानुदासमामा, ऊस वाळला की गुळाचा रंग गेला. गुळव्या तोंड फिरवून बसलाय. मागं एकदा तुम्हीच बसवून दिली व्हती, तीच जोड पायजे."

बसवली होती, हे मला आठवत होतं. पिनियन दुसऱ्याच कशाची तरी होती, हेही आठवत होतं. कशाची, तिथे पुन्हा ती रिकामी जागा. मी टॅब उघडला. चरक. पिनियन. पिनियनच्या फुग्यातून एक दोरी निघाली होती, तिच्या टोकाला प्रश्नचिन्ह, आणि तिथून सरळ आपसूक. त्यापुढे काही नाही. मी आपसूकवर बोट ठेवलं, पुन्हा ठेवलं. सगळ्या दोऱ्या त्यात जात होत्या आणि आत कुणी नव्हतं.

मी अश्विनीवर ओरडलो. इतकं सगळं भरलं आणि हवं तेच नाही, असलं खेळणं कशाला आणलं, वगैरे. शेजारच्या खोल्यांमधले भाडेकरू बाहेर आले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"झालं? आता मला अजून बोला पायजे तर, पण आपसूकचा फोन नंबर द्या."

तिने पिकअपची किल्ली घेतली. "फोन तुमच्यानं व्हायचा न्हाई. बसा."

न्हावऱ्याच्या रस्त्याने दौंडला निघालो. पारगावच्या पुलावर भीमा ओलांडली तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि पूल दोन्ही टोकांना हवेत संपल्यासारखा दिसत होता. मी गाडीत एक शब्द बोललो नाही. चौफुल्याच्या पुढे अश्विनी म्हणाली, "घरी गेल्यावर तरी बोला."

दौंडला रेल्वे कॉलनीच्या पलीकडे दाजींचं घर. दुकानाचं शटर बंद, त्याच्यावर वेल चढलेला. स्टेशनातली घोषणा अंगणापर्यंत ऐकू येत होती. आक्का दारात आली, मला पाहिलं आणि आत पाणी आणायला गेली. दाजी खाटेवर बसले होते. उजवा हात कापत होता म्हणून तो त्यांनी डाव्या हातात धरून ठेवलेला. मला वाटलं होतं त्यापेक्षा माणूस खूप बारीक झाला होता.

मी घड्याळाकडे बघितलं. खिडकीबाहेरच्या पेरूच्या झाडाकडे बघितलं. "पेरू यंदा बरा लागलाय," म्हणालो.

"पोपट खात्यात," दाजी म्हणाले.

मी दुकानाच्या पत्र्याची चौकशी केली, गाड्यांच्या वेळांची केली. भिंतीवरच्या कॅलेंडरला नावं ठेवली. शेवटी अश्विनीच म्हणाली, "आबा, केडगावकडच्या त्या चरकाची पिनियन तुटलीया. जोड कशाची हाय?"

दाजींनी डोळे मिटले. एक मालगाडी सबंध निघून गेली. मग म्हणाले, "काँक्रीट मिक्सरची. दात तेच. भोक लेथवर मोठं करायचं." आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "तुझ्याच आवारात आसंल की. वाटणीत तुझ्याकडं तीन गेल्या व्हत्या."

मी नीलेशला फोन केला. ताडपत्रीखाली, बेअरिंगच्या पेट्यांमागे, तिन्ही होत्या. माझ्या खाटेपासून दहा पावलांवर. त्याने एक लेथवर नेली आणि तिथूनच केडगावला पोचवली. दुसऱ्या दिवशी चरक फिरला.

पण ते नंतर. काम झालं म्हणून मी उठत होतो, तर दाजी म्हणाले, "त्या पाटीत काय घेऊन आलीस, पोरी?"

अश्विनीने टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला आणि कसं चालवायचं ते दाखवलं. त्यांचं बोट कापत असल्यामुळे भलत्याच फुग्यांवर पडत होतं आणि भलतीच गावं तरंगत वर येत होती. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. नदीत पाय सोडून बसलेल्या माणसासारखे ते बघत होते. "ही गिरणी... हा तर मेला बिचारा... हे इंजिन अजून हाय?" मग चित्र लांब गेलं आणि मधला मोठा फुगा दिसला. त्यांनी नाव वाचलं.

"हा कोण?"

अश्विनी माझ्याकडे बघायला लागली. आक्काही स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. मी म्हणालो, "दाजी, ते तुम्ही. नाव घालायचं राहिलं."

"अकरा वर्सं राहिलं," आक्का म्हणाली.

अश्विनीने टॅब माझ्या हातात दिला. मी आपसूक पुसलं आणि एका बोटाने दाजींचं नाव टाईप केलं. फुगे जरा हलले आणि पुन्हा जागेवर बसले. मला वाटलं, संपलं. जे बाकी होतं ते मी दिलं.

दाजी मात्र एकेक दोरी बघायला लागले. एका ठिकाणी थांबले. "मागाची स्प्रिंग इंजिनला? ही अक्कल कुणाची?"

"तुमच्याच नावावर आहे," मी म्हणालो.

"मी जन्मात माग बघितला न्हाई. हे तुझं हाय. पोरी, हिकडनं सोड, याच्याकडं बांध."

अश्विनी म्हणाली, "मामांचा फुगाच न्हाई यात."

हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. सगळं मीच बोललो होतो आणि त्यात मी कुठेच नव्हतो. तिने नवा फुगा काढला, त्यात भानुदास लिहिलं. मग आम्ही बसलोच. दाजी फुगा वाचायचे आणि सांगायचे, "माझं." "याचं." "हे माझं, पण यानं सुधारलं, दोघांकडं बांध." मी मधे हरकत घ्यायचो. गिरणीच्या पट्ट्याची जोड मी त्यांची म्हणायचो, ते माझी म्हणायचे, आणि दोघंही सोडायला तयार नव्हतो. आवाज वाढला तशी आक्का चहा घेऊन आली. "परत वाटणी चाललीया व्हय? किल्ल्या हायेत का कुणाच्या खिशात? कप जपून ठिवा."

दाजी हसले, आणि हसता हसता थांबले. कापणारा हात सोडून दिला. "त्या दिशी मी बोलाया पायजे व्हतं," ते म्हणाले. "तुझं बरोबर हाय, हे ठाव व्हतं. पण एवढं सगळं तुझं निघालं तर माझं काय उरलं, असं वाटलं."

अकरा वर्षं मी या वाक्याची उत्तरं तयार करत होतो, त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. स्टेशनात कुठलीतरी गाडी लागली होती.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तोवर दोन मोठे फुगे झाले होते आणि मधे पुष्कळ दोऱ्या एकमेकींत गेल्या होत्या. अश्विनी एकेक वाचत शेवटापर्यंत आली. "एक राहिलं, आबा. हे कुणाचं? 'जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही.'"

दाजी माझ्याकडे बघत होते, ते मला कळत होतं. मी पेरूकडे बघत राहिलो. एक पोपट खरंच आला होता आणि उलटा लटकून खात होता.

"कळलं," दाजी म्हणाले. "माझ्याकडं बांध."